भाताची धूळ

नाना, तुम्ही मला रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात आत्याकडे ठेवून आलात ते वर्ष मला पुष्कळ आठवतं, आणि गंमत म्हणजे बरंच चांगलं आठवतं. तुम्ही होतात तोवर त्या वर्षाचा विषय निघाला की तुम्हाला नेमकं काहीतरी काम आठवायचं आणि तुम्ही उठून जायचात. मग आईही पदर खोचून स्वयंपाकघरात शिरायची. त्यामुळे त्या वर्षाबद्दल आपल्या घरात कोणी कधी धड बोललंच नाही. आता तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, मीही चाळिशीला आले, तेव्हा म्हटलं, एकदा बोलून घ्यावं.

आपला गणपतीचा कारखाना म्हणजे पेणच्या घराची पुढची पडवी आणि तिला जोडलेला मांडव. माघी गणपती झाले की साचे बाहेर निघायचे, आणि मग अख्खा उन्हाळा प्लास्टरच्या मूर्ती पॉलिश पेपरने घासण्यात जायचा. डाळीच्या डब्यावर पांढरं, देवांच्या तसबिरींवर पांढरं, तुमच्या भुवयांवर पांढरं. मी चौथीत असताना माझी छाती वाजायला लागली. आधी सगळ्यांना वाटलं, सर्दी असेल. मग डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं आणि आईने दही बंद केलं, केळं बंद केलं, पेरूचं तर नाव काढायची सोय ठेवली नाही. अडुळशाचा काढा मी इतका प्यायले की आजही तो रस्त्याकडेला दिसला तरी तोंड कडू होतं. फारच धाप लागली की दवाखान्यात नेऊन इंजेक्शन. शेवटी डॉक्टर म्हणाले, हिला आता पंप सुरू करू, तर तुम्ही खुर्चीतून उठलातच. "पंप नको, डॉक्टर. एकदा लागला की सुटत नाय तो. पोरीची जात हाय." तुमचं एकट्याचं काय सांगू, तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. ज्यांच्याकडे पंप होता ते तो उशीखाली दडवून ठेवायचे.

मग तुम्हीच तोड काढलीत. दमा धुळीचा, तर पोरीला धुळीतून बाहेर काढायची. पाचवीची परीक्षा झाली आणि तुम्ही माझी पिशवी भरून मला रोह्याच्या गाडीत बसवलंत. कासू स्टेशन येईपर्यंत तुम्ही माझी पिशवी मांडीवर धरून बसलात. मग खिडकीबाहेरची शेतं दाखवून म्हणालात, "बघ, कशी स्वच्छ हवा हाय." मी मान डोलावली. आईपासून लांब राहायचंय हे मला कळत होतं, पण किती दिवस ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

आत्याकडे मला खरंच बरं वाटलं. पावसाळाभर छाती एकदाही वाजली नाही. पूल ओलांडून शाळेत जायचं, खाली कुंडलिका दुथडी भरून वाहतेय, आणि मी पुलावरून चक्क पळत जातेय. आयुष्यात पहिल्यांदा पळत होते. आत्या वालाचं बिरडं करायची, दही वाढायची आणि म्हणायची, "खा गो, तुझा बाप काय बघायला येत नाय." गणपतीत तेवढी मी फार रडले. पेणहून गाड्या भरभरून मूर्ती जात असतील, तुम्ही शेवटच्या डोळ्यांची आखणी करत बसला असाल, आणि मी इथे. आत्याने तुम्हाला निरोप धाडला, पोरीला हवा मानवली. तो ऐकून तुमचा जीव भांड्यात पडला, असं आईने नंतर एकदाच सांगितलं.

दिवाळी झाली, नवं भात आलं आणि परसातली आतोबांची गिरण सुरू झाली. बैलगाड्या दारात लागल्या, पोत्यांवर पोती चढली आणि दिवसभर तूस उडायला लागलं. कोंड्याचा बारीक थर घरात, अंथरुणात, माझ्या वेण्यांत. आठवड्याभरात मी पुन्हा भिंतीला टेकून बसायला लागले. आत्याने दह्याला दोष दिला, मग थंडीला, मग शेजारच्या परड्यातल्या पेरूंना. पण गिरणीवर कोणाचाही संशय गेला नाही. तुम्ही धावत आलात ते थेट गिरणीतच. चपला बाहेर काढल्यात, भाताच्या राशीला हात लावून तो कपाळाला लावलात, आणि मला जवळ घेऊन तिथेच पोत्यांवर बसलात. तूस उडत होतं, मी खोकत होते, आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत आतोबांना विचारत होतात, "हिला झालं तरी काय? इथं तर धूळ नाय." हे आठवलं की आजही मला हसू येतं, नाना, आणि तुमच्याबद्दल मायाही वाटते. आपल्या लेखी धूळ म्हणजे प्लास्टरची. भात ही लक्ष्मी, तिची कुठली आलीय धूळ!

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि घरात काय काय आहे ते विचारलं. आत्या म्हणाली, काय नाय, आमची भाताची गिरण हाय. बाईंनी स्टेथोस्कोप खाली ठेवला. तुम्ही लगेच म्हणालात, "ते अन्न हाय, बाई. अन्नाची धूळ माणसाला कशी बाधेल?" बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तुमचा भाव बरोबर आहे, पण हिच्या छातीला तो कळत नाही. मग त्यांनी पंप लिहून दिला आणि समजावलं की याने पोर पंपाची गुलाम होत नाही, शाळेत जाते. तुम्ही या खेपेला उठला नाहीत. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवलीत.

परतताना पुलाच्या तोंडाशी तुम्ही थांबलात आणि आत्याला विचारलंत, "आता हिला ठेवायची कुठं?" मी तुमचं बोट धरून उभी होते. खांब गावच्या मावशीचं नाव निघालं. आत्या म्हणाली, तिच्या दारातच हायवे हाय, दिवसभर लॉऱ्यांचा फुफाटा. मग आणखी कोणाचं तरी नाव निघालं. अशी किती घरं निघतील आणि पेण त्यात कधी येईल, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. शेवटी आत्याच भडकली. "दादा, पोर काय गणपतीची मूर्त हाय, सुकवायला ह्या पडवीतनं त्या पडवीत हलवायला? घरी ने तिला. औषध द्या आणि घरी ठेवा." तुम्ही खिशातली चिठ्ठी चाचपून पाहिलीत. मग म्हणालात, "व्हय."

घरी आल्यावर तुम्ही काय काय केलंत ते कारखान्यातले लोक पुढे कित्येक वर्षं सांगायचे. घासायचं काम मांडवातून उचलून मागच्या आवारात नेलंत, पत्र्याच्या शेडमध्ये. आईने कोरडा केर काढणं सोडलं, ओल्या फडक्याने पुसायला लागली. आणि पंप तुम्ही स्वतः मला शिकवलात. मला तो जमतच नव्हता. दाबला की औषध आत जायच्या आत मी श्वास सोडून द्यायचे आणि सगळं वाया. तेव्हा तुम्ही एका मूर्तीपुढे मला बसवलंत. कुंचला रंगात बुडवलात, हळू श्वास आत घेतलात, धरून ठेवलात, आणि पापणीची रेघ एका दमात ओढलीत. रेघ पुरी झाल्यावर श्वास सोडलात. "असा धरायचा. सोडलास की डोळा बिघडला." मी पंप ओढून श्वास धरला आणि तुम्ही माझ्यासमोर दुसरी पापणी आखलीत. ती संपेपर्यंत मी सोडला नाही. त्यानंतर दमा गेला असं नाही, पण माझं आणि त्याचं जमलं. दहावी झाले, लग्न झालं, आणि आखणीही शिकले. आज पेणच्या दोन कारखान्यांत डोळे मी आखते, तोंडाला फडकं बांधून, खिशात पंप ठेवून. कोणी बघितलं तर बघू दे. मजेत आहे मी, नाना.

हे सगळं आत्ताच वर येण्याचं कारण माझी लेक. गेल्या महिन्यात तिची छाती वाजली. सासूबाई म्हणाल्या, घाटावर माझ्या बहिणीकडे ठेवू या का थोडे दिवस, हवा कोरडी आहे तिथे. त्या मायेनेच बोलल्या. आणि खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, पाठवावी. पोरीची धाप ऐकवत नसली की आपण काहीही करायला तयार होतो, हे मला तेव्हा कळलं. तुम्हीही तेच केलं होतंत. मी सासूबाईंना म्हटलं, नको, आई, इथेच बघू. आता ती पंप घेते आणि सगळ्या वर्गाला दाखवते.

हे पत्र कुठे जाणार नाही, रंगाच्या कपाटात राहील. पण एक सांगायचं राहिलंय. रोह्याहून परत येताना गाडीत तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलं होतंत, "माझा राग आला होता का गो तुला?" मी नाय म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, आणि मला वाटतं, तुमचा विश्वासही बसला नसावा. आला होता, नाना. पेण येईपर्यंत गेला.