मरोद्याच्या वहिनीला दिलेला धीर

बाबा, काल शेजारची बाई दारात येऊन म्हणाली, "मागच्या लाइनीतला भाऊ गेला. त्याच्या बायकोले धीर देऊन येऊ, चालता का?" डोकं दुखतं म्हणून मी सांगितलं आणि दार लावून घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी धीर द्यायचं कोणी नाव काढलं की मला तुमची किळस येते. वडिलांना असं लिहू नये, पण येते.

रसमड्याच्या ज्या कारखान्यात तुम्ही सुपरवायझर होता, तिथे, त्या हिंदी मुलखात, आपल्याकडचा मराठी माणूस कामावर मेला की साहेब तुम्हालाच बोलवायचा. "जाके ज़रा समझा दो." त्याचं ते समझाना घरी येईपर्यंत तुमच्या तोंडी धीर देणं व्हायचं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कागद. त्या घरात खुर्ची दिली तरी तुम्ही चटईवर बसणार, पाणी मागून पिणार, बाईला पोटभर रडू देणार. ती थकली की सही-अंगठ्यासाठी कागद पुढे करणार. आई एकदा बोललीच, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाऊन राहिले तुमी." तुम्ही ताट सरकवलंत. "मी नाही गेलो तं दुसरा जाईन. मी निदान आपल्या भाषेत बोलतो."

मरोद्याला राहणाऱ्या एका वहिनीकडे तुम्ही मला नेलं. मी सातवीत होते. पोरगी सोबत असली की बाईमाणसाचा विश्वास बसतो, हे तुम्ही बरोबर ओळखून होता. तिचा नवरा क्रेनखाली सापडला होता. त्या क्रेनचा ब्रेक लागत नाही, हे तुम्हीच आठवडाभर आधी जेवताना सांगितलं होतं. वहिनी लग्न होऊन नुकतीच भंडाऱ्याकडून आलेली, अक्षरओळख नाही, हिंदी कळत नाही. तिने कागद माझ्यापुढे धरला. "माय, तू शाळेत जातं नं? काय लिवलं हाय, सांग मले."

मी हिंदी वाचत मराठीत सांगत गेले. कारखान्याला दुःख झालं आहे. कारखाना घरच्यांच्या पाठीशी आहे. शेवटची ओळ होती, मृत्यू कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झाला, आमची काही तक्रार नाही. ती मी सांगितलीच नाही.

ती ओळ तुम्ही माझ्याकडून गाळून घेतलीत, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला सांगितलं, पोरांनाही. त्यावर तुमचा तिरस्कार करणं सोपं गेलं. पण तुम्ही तेव्हा मान खाली घालून बसला होता. काही बोलला नव्हता, खुणावलंही नव्हतं. वहिनीचं रडं नुकतं थांबलं होतं, ते पुन्हा सुरू होऊ नये असं मलाच वाटलं.

"सरलं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि तिने अंगठा पुढे केला.