बर्नीचं ऑपरेशन

मंगळ. १२ सप्टें. २००६

क्लिनिकला आज बर्नी. वय सदतीस. डब्लिनजवळच्या ल्यूकनमध्ये एका शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देण्याचं काम करते. तीन सिझर झालेली, चौथं पोटात, सव्वीस आठवडे. मागच्या सिझरचे कागद वाचले. पिशवीवरचा जुना व्रण इतका पातळ की त्यातून आतलं बाळ दिसत होतं. खाली ठळक अक्षरांत: पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत.
"मग हे कसं?" मी.
"मदर्स डेचं प्रेझेंट, डॉक्टर."
इथला मदर्स डे मार्चात. हिशेब चोख बसतो. दोघी खूप हसलो. मग तिनेच हसू आवरलं. म्हणाली, पोट उघडाल तेव्हा नळ्याही बांधून टाकाल का? पाचवं आलं तर मी जाईन, आणि ही चार कुणाच्या पदरात घालू?
मी मान हलवली. आपली ती हो पण नाही आणि नाही पण नाही वाली मान. तिने ती "हो" समजून हात दाबला. सांगायला हवं होतं की आमचं हॉस्पिटल कॅथलिक नन लोकांनी काढलेलं आहे, धर्मात बसत नाही म्हणून इथे नळ्या बांधत नाहीत. नाही सांगितलं. भित्री कुठली.

सोम. १८ सप्टें.

कँटीनमध्ये एकच विषय. आरोग्य खात्याचं पत्रक आलंय. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉ.ने, आईच्या जिवाला धोका असेल तर, नळ्या बांधून द्यायलाच हव्यात. आणि बिशपांचं उत्तर काल चर्चमध्ये वाचून दाखवलं. त्याची प्रत नोटीस बोर्डावर. हे हॉ. श्रद्धेतून उभं राहिलं, त्यालाही सदसद्विवेक आहे, सरकारने त्यावर हुकूम चालवू नये, असं.
उभ्या उभ्या दोनदा वाचलं. चांगलं लिहिलंय, हीच तर पंचाईत. "कुणालाही त्याच्या मनाविरुद्ध करायला लावू नये" या ओळीला अडकले. भारतात सरकारी पीएचसीत बाँडची नोकरी करत होते तेव्हा हे वाक्य कुणी माझ्या हातात दिलं असतं तर...
जाऊ दे. लेकीला, इराला शाळेतून आणायचंय.

बुध. २७ सप्टें.

बॉसनी, आमच्या सीनियर सर्जननी, बर्नीसाठी दोन हॉ.ना फोन केले. दोन्हीकडे उत्तर तेच: यादी भरलेली, एवढ्या उशिरा आणि एवढी अवघड केस घेत नाही. नंतर वेगळं पोट उघडणं म्हणजे सगळं आत चिकटलेलं, त्यात नवा धोका. म्हणजे सिझरच्याच वेळी, आणि इथेच. सिझरची तारीख ४ डिसें.
आता एथिक्स कमिटीपुढे जायचं. बॉस म्हणाले, "जमलं तर चार ओळी लिहून ठेवशील का?" अडीच वर्षांत एवढं शिकलेय की इथलं "जमलं तर" म्हणजे उद्या सकाळी टेबलावर. कमिटीची अध्यक्ष सिस्टर इटा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नन, जुन्या सुईण. अर्धं डब्लिन त्यांच्या हातावर जन्मलं म्हणतात.

मंगळ. ३ ऑक्टो.

मी गाढव आहे. शंभर टक्के.
कमिटीचे कागद लावत बसले होते. आयर्लंडमध्ये आल्यापासून हे ऑपरेशन एकदाही केलं नाही, त्यामुळे हात आपोआप जुन्या वाटेने गेले. तिकडे कसं, बाईचा अंगठा नंतर, नवऱ्याची सही आधी. उचलला फोन, लावला बर्नीच्या घरी. डेक्लन, तिचा नवरा, फोनवर. म्हटलं, बायकोच्या ऑपरेशनसाठी तुमची सही लागेल.
"सिझरसाठी?"
"नाही नाही, ऑपरेशनसाठी."
आपल्याकडे पोरं झालेल्या बाईचं ऑपरेशन म्हटलं की एकच. शेंबडं पोरही दुसरा अर्थ घेणार नाही. तिकडे त्याने टीव्ही बंद केला. मग, "कोणतं ऑपरेशन?" मी आपली हुशारीने समजावून सांगितलं. सगळं!
फोन ठेवल्यावर स्टाफ नर्सला विचारलं, नवऱ्याच्या सहीचा फॉर्म कुठे असतो? ती म्हणाली, "नवऱ्याची कसली?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. असा फॉर्म इथे नाहीच. आणि बर्नीने त्याला सांगितलेलं नव्हतं.
बॉसना लगेच सांगितलं. ओरडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

गुरु. ५ ऑक्टो.

बर्नी आली. डोळे सुजलेले. डेक्लन चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारा माणूस, त्याची आई तर रोज चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जाणारी. बर्नी त्याला बाळ झाल्यावर सावकाश सांगणार होती. आता तो तिच्याशी बोलत नाही, गॅरेजमध्ये जाऊन बसतो.
"मी तुम्हाला एक गोष्ट मागितली होती, डॉक्टर. एक."
मी माफी मागितली. तक्रार कशी करायची, फॉर्म कुठे मिळतो, तेही सांगितलं. घरून शब्द पाठ करून आले होते, ते सगळे विसरले आणि नुसती रडले. पेशंटसमोर! शेवटी तिनेच टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. तक्रार करणार नाही म्हणाली. "पण नळ्या बांधून घेणार. आता तर घेणारच."
ही बाई मला कोणत्या पुण्याईने भेटली.

रवि. १५ ऑक्टो.

नवऱ्याला, अजितला, चेरीवूडच्या ऑफिसात रविवारीसुद्धा बोलावलं, सॉफ्टवेअरचं रिलीज आहे म्हणून. घरी मी, इरा आणि सासूबाई. सासूबाई ऑगस्टपासून इथे. इरा त्यांना म्हणते, "इट्स इन द प्रेस, आजी," आणि सासूबाई इस्त्रीपाशी जाऊन चहाची पावडर शोधतात. प्रेस म्हणजे इथे कपाट, हे दोन महिने सांगतेय.
पोहे खाता खाता बर्नीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. (शिकले आता.) त्या चमचा धरून तशाच बसल्या. "माह्या वेळी त नर्सबाई घरी येऊन हात धरून नेत होती ऑपरेशनले. मी नाई नाई म्हनून राह्यली, पन मले कोन विचारते? अन् इथं बाई सोताहून मागून राह्यली त देत नाई! काऊन बाप्पा?"
लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि हे मला आज कळलं. "आई, तुम्हाला आणखी मूल हवं होतं?" विचारलं. म्हणाल्या, "पोरगी पाह्यजे होती." आणि उठून ताटल्या धुवायला लागल्या.
मी त्यांना जवळ घेतलं. आमच्यात असं करत नाहीत. केलं.

मंगळ. १७ ऑक्टो.

डेक्लन आला. अपॉइंटमेंट नाही, कामाच्या बुटांना सिमेंट तसंच. दारातच उभा. "एकच विचारायचंय. ती मरू शकते, हे खरं?"
बर्नीला फोनवर विचारून कागद समोर ठेवला. व्रणाचं चित्र काढून दाखवलं. तो बघत राहिला. मागच्या वेळी त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये होता, आणि बाळ हातात दिल्यावर कोण विचारतो.
"कुठे सही करू?"
"सही नाही लागत. माझी चूक होती. हे तिचं आहे."
"मग मी काय करू?"
 म्हटलं, गॅरेजमधून बाहेर या. तो हसला! मग म्हणाला, मी बिशपना पत्र लिहितो. मी म्हटलं, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत छान. दुसरं काय म्हणणार.

शनि. २१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

मेणबत्त्यांवर भागवलं, पणत्या सुटकेसमध्ये फुटल्या. चकल्या मात्र सासूबाईंच्या, खुसखुशीत. शेजारच्यांना डबा दिला.
इराच्या बाई भेटल्या. वर्गात कम्युनियनची, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या विधीची, तयारी चालू आहे. इराला चालेल ना मागे बसून चित्र रंगवायला, तिला वेगळं पाडल्यासारखं वाटू नये म्हणून विचारते, म्हणाल्या. स्वतःहून विचारलं, याचंच किती बरं वाटलं. इरा म्हणते, "आय'म ग्रँड, आई. आय लाइक द कलरिंग."
चर्चचीच शाळा, चर्चचंच हॉ. दोन्हींनी आम्हाला सामावून घेतलं. म्हणून तर नुसतं चिडता येत नाही.

शुक्र. १० नोव्हें.

बिशपचं उत्तर आलं! डेक्लन आणि बर्नी दोघं मिळून दाखवायला आले. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, दोन पानं. हॉ.बद्दलचं मत बदललेलं नाही. सरकारने संस्थेवर सक्ती करू नये, यावर ठाम. पण लिहिलंय, बर्नीचं नाव ते रोज प्रार्थनेत घेतात, आणि पत्रकाला उत्तर लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे आरोग्य खातं होतं, ती नव्हती, याबद्दल तिची क्षमा मागतात. कमिटीला आपण काही सांगणार नाही, निर्णय कमिटीने आपल्या विवेकाने घ्यावा.
बर्नी म्हणाली, "अक्षर सुरेख आहे युअर मॅनचं. उपयोग शून्य." (युअर मॅन म्हणजे इथे "तो बाबा".) पण पत्र घडी करून पर्समध्ये कसं जपून ठेवलं ते मी पाहिलं. मी तरी असं पत्र कुठल्या मंत्र्याकडून, कुठल्या कलेक्टरकडून पाहिलंय? नाही पाहिलं.

गुरु. १६ नोव्हें.

कमिटी. लांब टेबल, सात जण, बिस्किटं. बॉसनी केस मांडली. मग सिस्टर इटा माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुला कधी मनाविरुद्ध काही करायला लावलंय का?"
माझ्या चार ओळींत हे नव्हतं. पण विचारलं तर सांगून टाकलं. यवतमाळकडची पीएचसी, मार्च एंड, ऑपरेशनचं टार्गेट अपुरं. जीप भरून बायका यायच्या. एक जण टेबलावर रडत होती, तिला आणखी एक हवं होतं. सासूने आणि नर्सबाईने ठरवलं होतं, अंगठा उमटवून झाला होता. बाहेर साहेब घड्याळ बघत उभे. मी केलं. लगेच पुढची बाई घेतली, वेळच नव्हता.
म्हटलं, सिस्टर, सरकारने हुकूम देऊ नये, हे बिशपांचं मला पटतं. मी त्या हुकमाचा हात होते. पण त्या बाईला विचारलं नाही तसं या बाईलाही आपण विचारत नाही आहोत.
 सिस्टरनी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"
मला माहीत नाही. त्या दिवशीही माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.
सिस्टरनी चष्मा काढून पुसला. आपल्या चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. इतकी वर्षं हे कुणाला बोलले नव्हते, अजितलाही नाही. बाहेर आल्यावर पाय हलके झाले होते.

बुध. २२ नोव्हें.

निर्णय. आधी नीट कळलाच नाही, बॉसनी दोनदा वाचून दाखवला. नळ्या बांधायची परवानगी नाही. मात्र सिझरच्या वेळी पिशवी इतकी जीर्ण दिसली की पुढचं गर्भारपण तिला पेलणारच नाही, तर सर्जनने आपल्या विवेकाने योग्य ते करावं, कमिटी आड येणार नाही. म्हणजे तेव्हा नळ्या बांधल्या तरी चालतील, फक्त कमिटीने परवानगी दिली असं म्हणायचं नाही.
सापही मरेल, काठीही शाबूत. आयरिश डोकं! खात्याला वाटेल आपलं ऐकलं, बिशपना वाटेल हुकूम मानला नाही. मी आधी वैतागले. मग विचार केला, सात जणांनी तीन तास बसून एका बाईसाठी दाराची फट शोधली. तिकडे जीपला तीन मिनिटं मिळत नव्हती.
बर्नीला फोन केला (तिच्याच मोबाइलवर). म्हणाली, "म्हणजे आता मी माझी पिशवी फाटकी निघावी म्हणून प्रार्थना करायची?" हो, तसंच.

रवि. ३ डिसें.

दुपारी वॉर्डात जाऊन आले. बर्नी कालपासून ॲडमिट, बीपी चांगलं, बाळ मजेत. नाताळआधीच्या ॲडव्हेंटचा पहिला रविवार म्हणून सिस्टर इटा मासहून थेट तिच्या खाटेशी. डेक्लनही होता. तिघं जपमाळ घेऊन बसलेले. डेक्लन देवाला व्रण मजबूत असू दे म्हणतो, कारण त्याला तिच्या जिवाचं भय वाटतं. बर्नी उलटं मागते. सिस्टर काय मागतात ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.
बॉस कॉरिडॉरमध्ये भेटले. "उद्या तू कर, मी समोर उभा राहतो. पिशवी उघडण्याआधी थांब. नीट बघ. तुला काय दिसतं ते मोठ्याने सांग, मी तेच लिहीन आणि त्याप्रमाणे करू."
"तुम्हाला वेगळं दिसलं तर?"
"मी चष्मा आणणार नाही," म्हणाले आणि निघून गेले.
घरी येऊन टेबलाशी बसलेय. सासूबाई इराची वेणी घालतायत, अजित घर घ्यायचं म्हणून ॲडम्सटाउनच्या नव्या घरांचे नकाशे पसरून बसलाय. बाहेर चारलाच अंधारून आलंय.
व्रण पातळ दिसला तर प्रश्नच नाही. पण बरा निघाला तर? कदाचित पेलेल म्हणावं असा, मधला, धड ना इकडचा ना तिकडचा? तर मी काय बोलणार आहे? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. तिकडे हुकूम होता म्हणून कधी विचार करावा लागला नाही. इथे सिस्टर, बिशप, बॉस, सगळ्यांनी आपापला हात मागे घेतला आणि मला जागा करून दिली. मी त्यांची ऋणी आहे, मनापासून. आणि मला भीती वाटते, तीही मनापासून.
सकाळी आठला पहिली केस. मी वॉर्डातून निघताना बर्नी म्हणाली, "डॉक्टर, जे दिसेल तेच सांगा हं."