माह्या पोराची शिट्टी

बाबा, आज चहा ठेवता ठेवता हात आपसूक रेडिओच्या बटणाकडे गेला आणि तुम्ही आठवलात. मी रिटायर झालो. केंद्रात आता सगळं कॉम्प्युटरच करतो. हे पत्र लिहून टाकायचं कुठे, तेही माहीत नाही.

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या रेडिओ केंद्रात लागलो, पहिल्या पगारातून ट्रान्झिस्टर आणला. घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या आपल्या क्वार्टरपुढे खाट टाकून तुम्ही शेजाऱ्यांची अख्खी लाइन गोळा केलीत. दिवसभर ऐकलंत आणि संध्याकाळी माझ्यावरच उखडलात.

"तुहा आवाज काऊन नाई आला बे? लोकाईले काय सांगू मी?"

म्हटलं, बाबा, मी इंजिनिअर, बोलणारे वेगळे.

"मंग तू काय करून राह्यला तिथी?"

काय सांगणार, कपाळ! शेवटी म्हणालो, सकाळी कार्यक्रमाआधी मशीन तपासायला एक लांब शिट्टी वाजते ना, ती मी लावतो.

"म्हणजे आमच्या खाणीचा भोंगा!" तुम्ही खूश. तेव्हापासून रात्रपाळीहून आलात की कोळशाच्या हातांनीच रेडिओ लावायचात. शिट्टी संपून बाई 'नमस्कार' म्हणाली की बंद. "माह्या पोराचं झालं," म्हणायचात आणि तोंड धुवायला जायचात. बातम्या तरी ऐकू द्या, म्हणून आई करवादायची, पण तुम्ही ऐकाल तर शपथ. मला लाज वाटायची, आणि छातीही फुगायची.

पुढे त्याच कोळशाने तुमची छाती भरली. मी रजा टाकून उशाशी बसलो, पण ग्लानीत तुम्ही मला ओळखेनात. पाणी पाजलं की परक्याला म्हणावं तसं "बसा भाऊ, चहा घ्या" म्हणायचात. फार लागायचं, बाबा. बाहेर जाऊन रडून यायचो. एका सकाळी सवयीने आईने रेडिओ लावला. शिट्टी वाजते, तुमचे डोळे उघडतात, तुम्ही माझा हात दाबता आणि मलाच सांगता, "ऐका भाऊ. माहा पोरगा आला ड्युटीवर." चेहरा कसा उजळला होता तुमचा! त्याच दुपारी तुम्ही गेलात.

ती शिट्टी माझी नव्हती, बाबा. माझ्या जागी दुसराच कोणी ड्युटीवर होता. आईलाही हे कधी बोललो नाही. तेव्हा तुमचा हात हातात धरून मी एवढंच म्हणालो होतो, "हव भाऊ. तुमचाच पोरगा हाय."