एल्ककडे बघायचं नसतं

ती. टाउनोदादास,

धाकट्या ओइवाचा नमस्कार. गुडघा काय म्हणतो? आणि कान? (कानांचं विचारायलाच फोन केला होता, तर तू "लाकडं नकोत" म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र.) इकडे तळं पार गोठलं आहे. लेम्पी बरी आहे, जरा जास्तच बरी आहे, का ते पुढे येईलच.

गेल्या शनिवारी तू आमच्याकडे सौनात वाफ घ्यायला आलास तेव्हा तुझ्या बंपरमध्ये अर्धं स्प्रूसचं झाड अडकलं होतं आणि तू म्हणालास, "रस्ता हलवलाय कुणीतरी." मी गप्प बसलो. एक तर तू मोठा, आणि त्या दिवशी वाफ छान धरली होती. पण लेम्पीला राहवेना. ती तुला बोलू शकत नाही, म्हणून मला बोलली. "तुमच्या घराण्यात सगळे घसरतात, सावरायला कुणी शिकलं नाही. दोघंही घसरती गाडी सावरायला शिकवतात त्या पेन्शनर मंडळाच्या निसरड्या ट्रॅकवर जा, नाहीतर किल्ल्या इकडे आणा." तू निरोप पाठवलास, "मी जन्मभर घसरतोय, मला कोण शिकवणार?" मग आम्ही नवराबायकोच गेलो.

निघतानाच मी लेम्पीला हिवाळ्यातल्या ड्रायव्हिंगचं मर्म सांगत होतो: सगळं हळू करायचं, पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, निघण्यापूर्वी एकदा सभोवार बघायचं. ती मध्येच म्हणाली, "वायर काढलीस का?" मी म्हटलं, "काढली." आणि गाडी सोडली. इंजिन गरम ठेवायची वायर रात्रभर लावलेली होती, ती तशीच होती, आणि खांबावरची सॉकेटची पेटी आमच्या मागोमाग निघाली. गावात सगळे हात हलवत होते. मला वाटलं, शुभेच्छा देतायत. मीही हलवला. ट्रॅकच्या फाटकाशी शिकवणारी वेन्ला (आपल्या नातीच्या वयाची असेल) वायर गुंडाळत आली आणि म्हणाली, "काका, घरातलं आणखी काही आणायचं राहिलंय का?"

ट्रॅकवर बर्फावर पाणी मारून ठेवतात आणि तुमच्यासमोर एकदम फोमचा एल्क उभा करतात, खऱ्यासारखाच घोड्याएवढा उंच, शिंगंबिंगं असलेला हरीणच. वेन्लाचा नियम सोपा: गाडी घसरायला लागली की ब्रेकवरचा पाय काढा, क्लच दाबा आणि जिकडे जायचंय तिकडे बघा. हात आपोआप डोळ्यांच्या मागे जातात. एल्ककडे बघायचं नसतं. आता दादा, तू आणि मी शिकार मंडळातली माणसं. एल्क दिसला आणि बघायचं नाही, हे कसं जमावं? मी बघितलं. गाडीही तिकडेच गेली. एल्क आडवा. सवयीने मी खाली उतरलो, शिकार मंडळाच्या अर्मासला फोन लावला आणि मांस न्यायला ढकलगाडी घेऊन ये म्हणून सांगितलं. (तो निघालाही होता. अजून बोलत नाही माझ्याशी.) दुसऱ्या खेपेला बघायचंच नाही असं ठरवून मी डोळे मिटले. हे तू करून बघू नकोस.

मग लेम्पी बसली. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून माझ्या चुका बघितलेली बाई. एल्क उठला, गाडीची शेपूट फिरली, आणि पाहुण्यांसमोर माझी शिकारीची गोष्ट सुरू झाली की ती जशी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते, तशी ती एल्कच्या बाजूने पलीकडच्या मोकळ्या जागेत बघत राहिली. स्टिअरिंग जरासं वळवलं, परत आणलं. गाडी मुकाट्याने तिकडे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उतरून म्हणाली, "कॉफी कुठे मिळते?" मला तिचा इतका अभिमान वाटला की मी कुणाशीच काही बोललो नाही.

तर दादा, ध्यानात ठेव: पाय काढायचा आणि मोकळ्या जागेकडे बघायचं. जिवाला जप.

तुझा,
ओइवा

ता.क. उपदेश नुसता नावाला होता, खरं बोलणं वेगळंच आहे. गेल्या शनिवारी तुला उशीर झाला, तेव्हा मी लाकडं आणायला बाहेर गेलो होतो असं तुला सांगितलं. लाकडं आत भरपूर होती. मी टॉवेल गुंडाळून, बूट घालून वळणावर उभा होतो, तुझ्या गाडीचा आवाज येतोय का ते ऐकत. मला फार भीती वाटली रे. वरच्या बाकावर एकट्याने बसून वाफ घेण्यात काही अर्थ नाही. या शनिवारपासून तुला घ्यायला लेम्पी येईल. तू गाडी काढू नकोस.

आणखी एक. "तू का येत नाहीस घ्यायला?" असं विचारू नकोस. ट्रॅकवरून आलो त्या दिवसापासून माझ्या किल्ल्या लेम्पीच्या ॲप्रनमध्ये आहेत. मी आपणहून दिल्या. (म्हणजे, मागितल्यावर.) गाडीत बोलतो म्हणून पुढची सीटही गेली. दादा, गाडी सोडणं एकट्याला फार जड जातंय. तूही सोड ना, मागे दोघं बसू.