टायरचा धूर

निफाड, १० जानेवारी २००८

दोनदा साबण लावला, तरी हाताचा रबराचा वास जात नाही. सकाळी कॉलेजच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'हवामान बदलाला जबाबदार कोण?' या प्रश्नापुढे मी बेधडक 'कारखाने' लिहिलं. संध्याकाळी घरी आले, तर बाबा द्राक्षबागेत जुने टायर रचत होते. पहाटेच्या थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून पेटवायला.

"बाबा, या धुरानं हवा बिघडते."

"मग तूच सांग ना थंडीला, आमच्या बागेत येऊ नको म्हणून! लय शिकली."

आई हसली. मी टायर उचलू लागले. बाग गेली तर माझं कॉलेजही सुटेल. म्हणून गप्प बसले का? कारखानेवाल्यांच्या घरीही असंच काहीतरी कारण असेल? वास अजून येतोच आहे. पहाटे पेटवताना मलाही उठवा, असं मीच बाबांना सांगून आले आहे.