पालथा फर्मा

त्या सकाळी मी दुकान झाडलं, कागदाची कातरण पोत्यात भरली आणि खळ शिजत ठेवली. मैदा पाण्यात कालवून गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं, शेवटी किडीसाठी चिमूटभर मोरचूद टाकून उतरवायची. पलीकडे हे माझा शब्दकोश नव्याने बांधत होते. वापरून वापरून त्याचे फर्मे सुटले होते. फर्मा म्हणजे छापील कागदाला घड्या घालून होणारा पानांचा जुडगा. असे जुडगे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. कोश पुस्तकं दाबायच्या प्रेसमध्ये घालून चाक घट्ट केल्यावर ह्यांनी कण्याकडे पाहिलं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण असते आणि त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. एक पायरी जागेवर नव्हती.

"एक फर्मा पालथा लागला गं."

"मग काढा."

"आता दाब बसू दे. उद्या उसवतो."

दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठले नाहीत. तेव्हापासून त्या प्रेसचं चाक कोणी फिरवलेलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढची सगळी वाटणी त्या चाकापाशी येऊन अडते.

मी, खाली सही करणारी, बायंडरची विधवा आणि स्वतःही बायंडर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून काही लिहून घेण्याचा प्रयत्न झाला, तो पुढे येईल. त्यातून लिहिलं मात्र काही गेलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. दुकानावरच्या राहत्या खोल्या थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्म्या निम्म्या. विकायच्या असतील तर दोघांनी मिळून विकाव्यात. जिन्याची खालची पायरी सैल आहे, घेणाऱ्याला तसं सांगावं.

कलम दोन. बँकेतली मुदत ठेव धाकटीला. ठेवीवर नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव आहे. तो बँकेत नोकरीला, धावपळ त्याला सोपी पडेल, म्हणून घातलं. नॉमिनी म्हणजे माझ्यामागे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. हे तो काउंटरवर रोज लोकांना समजावतो, तरी लिहिलेलं बरं. ठेव तिला का, तर त्याच्या कॉलेजच्या फीसाठी आम्ही माझ्या बांगड्या मोडल्या होत्या. तिची वेळ आली तेव्हा मोडायला काही उरलं नव्हतं. माझी नणंद तेव्हा म्हणाली होती, "मुलगी आहे, अक्षर चांगलं आहे, पुरे झालं." धाकटी पुढे नोकरी करून शिकली आणि आता शाळेत शिकवते. तिने हे पैसे शिकण्यावर घालवावेत किंवा नुसते घालवावेत, माझी अट नाही.

कलम तीन. नणंदेला माझ्या लोखंडी कपाटातली उबदार शाल. ह्यांना नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शेगडी पेटवलेली पाहून ती दारातच म्हणाली होती, "राख गार झाली नाही आणि हिची खळ शिजतेय." शाळेची पुस्तकं अर्धी शिवून पडली होती आणि दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. शाल चांगली आहे, तिने वापरावी.

कलम चार, दुकान. हे ह्यांनी माझ्या नावावर केलं होतं. ते मी शिलाईवालीला देत आहे. शिलाईवाली म्हणजे तिच्या लग्नाआधीपासून आमच्याकडे फर्मे शिवणारी बाई. थोरला, धाकटी दोघंही तिला मावशी म्हणतात. जागेसोबत कटर, पुठ्ठा कापायच्या सुऱ्या, सुया, दोऱ्याची रिळं, शेगडी आणि प्रेस, सगळं तिचं.

थोरल्याला हे आवडणार नाही. मागे सुट्टीवर आला तेव्हा पाय पसरून नीट बसला आणि बोलला.

"आई, समोर झेरॉक्स, शेजारी क्लास. आपल्या जागेला सोन्याचा भाव आलाय, विकायचं तेवढं लिहून दे. तू तिथे नुसती झाडू मारतेस."

"काम चालू आहे."

"प्रेस बंद ठेवून? मग दाब कशाचा देता?"

"विटांचा. कागदात गुंडाळून ठेवतो."

"विटा!" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बाबांनी पाहिलं असतं तर दोघींना दुकानाबाहेर काढलं असतं."

ते खरं आहे. विटांनी कणा वाकडा बसतो, गिऱ्हाईक परत येत नाही. बंद प्रेस घेऊन बसलेलं दुकान म्हणजे दुकान नव्हे, हे त्याचं बोलणं मला मान्य आहे. जागा विकावी, हे मान्य नाही.

धंद्याबद्दल थोडं लिहिते. सरकारने शाळेची पुस्तकं मुलांकडून परत घेऊन पुढच्या वर्गाला द्यायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. पुढे सगळ्यांना नवी पुस्तकं फुकट मिळू लागली आणि आम्ही माशा मारत बसलो. मुलांना नव्या कागदाचा वास मिळाला, ते चांगलंच झालं. आमचं वाईट झालं. असं दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मी अग्रलेखात कुठे वाचलं नाही. यंदा जुना नियम फिरून आला आहे आणि शाळेने जुन्या पुस्तकांची पोती पाठवली आहेत. शिलाईवाली हे काम ओढून नेऊ शकेल. पण विटांवर नाही.

मी वाचायला शिकले ते या दुकानातच, छपाईत बिघडलेल्या फर्म्यांवरून. त्यामुळे बऱ्याच पुस्तकांचं मधलंच मला ठाऊक आहे. एका अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी वाढते तिथवर मी वाचलं. पुढचा फर्मा कधी हाती आला नाही. अडलेल्या शब्दासाठी कोश होता. तो प्रेसमध्ये गेल्यापासून अडलेला शब्द मी ओलांडून पुढे जाते.

म्हणून कलम पाच. प्रेस मी स्वतः मोकळी करून शिलाईवालीच्या हाती देईन. बंद प्रेस देणं म्हणजे कुलूप देऊन किल्ली ठेवून घेणं. माझ्याने ते झालं नाही आणि मी गेले, तर तिने कोणाला न विचारता चाक फिरवावं. आतला कोश धाकटीला द्यावा.

अंमलबजावणी धाकटीने करावी. भांडण झालं तर दोघांनी दुकानात बसून भांडावं, तिथला आवाज रस्त्यावर जात नाही.

शिलाईवाली सही करायला पदर खोचून तयार होती. मी म्हटलं, "तुला मिळतंय, म्हणून तुझी साक्ष चालत नाही."

"म्हणजे सही केली की मिळणार नाही?"

"घोळ होईल."

"मग काकू, मला लिहिताच येत नाही असं समजा," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

हे सगळं मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचलं. माझी सही त्यांनी पाहिली, त्यांची मी पाहिली.

सही: बायंडरीणबाई

साक्षीदार पहिला: समोरचा किल्ल्या बनवणारा. सही.
साक्षीदार दुसरी: शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सही. (शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी दाखवल्या, मी तशाच ठेवल्या.)

ठिकाण: दुकान, शेगडीजवळचं टेबल.
दिनांक: सोमवार, शाळा उघडायच्या आधीचा.

यापुढचं मृत्युपत्रात धरू नये. पान कोरं राहिलेलं ह्यांना खपत नसे, म्हणून लिहिते. सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान झाडलं आणि खळ शिजत ठेवली. चाक गंजलं होतं, शिलाईवालीने तेल सोडलं, फिरवलं मी. कोश बाहेर काढला. फर्मा पालथाच होता; पुस्तक उलटं धरलं की नीट वाचता येतो. मी तो उसवला नाही. कोश फळीवर ठेवला, प्रेसमध्ये शाळेची पुस्तकं लावली आणि चाक घट्ट केलं.