यादीत नसलेला शब्द

प्रिय टिल्लू,

सहा फूट उंचीच्या, टक्कल पडलेल्या माणसाला या नावाने हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून मुद्दाम वापरते. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी लगेच विषय बदलते. हे सलग सांगायचं आहे.

आमचा विभाग नव्या इमारतीत जातो आहे. जुनी कपाटं रिकामी करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असा सगळ्यांचा समज आहे. तिसऱ्या कपाटात अकरा वर्षांपूर्वीच्या स्मरणशक्तीच्या प्रयोगाचे कागद निघाले. प्रयोग तुला आठवत नसेल, पण ते बारा आठवडे नक्की आठवत असतील.

प्रयोग तसा साधा होता. पासष्टीच्या पुढची साठ माणसं. निम्म्यांना एका मदतनीस मुलीने आठवड्यातून दोनदा शब्द लक्षात ठेवण्याचा सराव द्यायचा. उरलेल्यांशी त्याच खोलीत, तेवढाच वेळ, त्याच मुलीने नुसत्या गप्पा मारायच्या. हा गप्पागट नसता, तर सुधारणा सरावाने झाली की कुणीतरी आस्थेने विचारपूस केली म्हणून झाली, हे कळलंच नसतं. कोण कुठल्या गटात जाणार हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते, आपण ठरवायचं नाही. आपण ठरवायला लागलो की आपली लाडकी माणसं बरोबर आपल्याला हव्या त्या गटात जाऊन बसतात. तीस वर्षं मी हे वर्गात शिकवलं आणि जेवताना तुझंही डोकं खाल्लं.

आईचा नंबर एकतीस. तिला शब्द सापडेनासे झाले होते. कात्रीला ‘ते कापायचं’ म्हणायला लागली होती. तिला मी प्रयोगात घेतलं तिथेच खरं तर चुकले. तिचं पाकीट मी खिडकीपाशी उजेडाला धरलं. कागद पातळ होता, आतलं ‘गप्पा’ स्वच्छ वाचता आलं. बत्तीस नंबरमध्ये ‘सराव’ होतं. पाकिटांवरचे आकडे पेन्सिलीने घातलेले, त्यामुळे एक खोडरबर पुरलं. बत्तीस नंबरचे गृहस्थ घड्याळजी होते. आईच्या वाट्याच्या गप्पा त्यांनी मारल्या, बारा आठवडे त्या मुलीला स्प्रिंगांची माहिती दिली आणि दर वेळी खुशीत घरी गेले.

तू तेव्हा दर रविवारी येऊन आईशी तासन्‌तास चकाट्या पिटायचास. शेजाऱ्यांच्या नकला करायचास आणि ती पोट धरून हसायची. मी तुला बारा आठवडे येऊ नकोस म्हणून सांगितलं. तुझ्या गप्पांनी सरावाचा परिणाम गढूळ होईल, तू बाहेरचा घटक आहेस, असे माझे शब्द होते. चिठ्ठी बदलणाऱ्या बाईला अचानक शिस्तीचा पुळका आला होता. बाकीच्या एकोणसाठ जणांच्या घरी जायला मी कुणालाच बंदी केली नव्हती. फक्त तुला केली. तू चिडलास, पण ताईला यातलं कळतं म्हणून ऐकलंस. तेरा आठवड्यांनी आलास तेव्हा आईने दार उघडून फार अदबीने विचारलं, “आपण कोणाकडे आलात?” त्यानंतर तुझं येणं कमीच झालं.

निष्कर्ष तुला मी कधी सांगितला नाही. दोन्ही गट सारखेच सुधारले. गप्पागट जरासा जास्तच. आईचे आकडे काढून टाकले तरी उत्तर तेच येतं, मी पुन्हा गणित करून पाहिलं. ज्या नियतकालिकात लेख आला होता त्यांना परवा सगळं कळवलं आहे. तिथे काय व्हायचं ते होईल.

पत्र मात्र त्यासाठी नाही. गेल्या महिन्यात आई गेली त्या दुपारी तू नर्सला म्हणालास, की मी बारा आठवडे आलो नाही आणि तेवढ्यात ती मला विसरली. मी तिच्या कपड्यांची पिशवी धरून शेजारीच उभी होते आणि गप्प बसले. त्याची मला लाज वाटते. तू येत राहिला असतास तर ती विसरली नसती का, हे शास्त्राने सांगता येत नाही. त्यासाठी तुलनेला दुसरी आई लागली असती. पण तू यायचा थांबला नव्हतास, मी तुला थांबवलं होतं. सोबत नवव्या आठवड्याचा तिचा कागद आहे. पंधरा शब्द वाचून दाखवायचे आणि दहा मिनिटांनी आठवतील ते लिहायला सांगायचं, अशी ती चाचणी. तिने पाच ओळी लिहिल्या आणि पाचही ओळींत ‘टिल्लू’ लिहिलं. गुण देणाऱ्याला कुणाचंच नावगाव माहीत नसतं, तसा नियमच असतो. त्याने समासात लिहिलं, ‘यादीत नसलेला शब्द. शून्य.’ तो कागद माझ्या हातात आला होता. मी वाचला, आणि शून्य तक्त्यात चढवलं.

आता तरी न थांबवणारी, तुझीच,
ताई